५ ग्रॅमची बाटली आणि १२० ग्रॅमचं गणित

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणाऱ्या एका मेसेजचा आशय असा: ‘मायोसायटिसवर आयव्हीआयजी हे ताकदीचं सलाईन आहे. एक बाटली लावली की स्नायू पूर्ववत, स्टेरॉइड त्याच दिवशी बंद. नैसर्गिक असल्यानं घरीही लावता येतं.’

मायोसायटिस म्हणजे स्नायूंचा दाह, आणि आयव्हीआयजी म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढून शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडं. एक बाटली? डोस वजनावर ठरतो: किलोमागे २ ग्रॅम, २ ते ५ दिवसांत विभागून. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. आणि हे दर चार आठवड्यांनी, कारण दिलेली प्रतिपिंडं रक्तात तीन-चार आठवड्यांत निम्मी होतात. औषध पोकळ नाही. डर्मॅटोमायोसायटिसवरच्या (त्वचेवर पुरळही येणारा मायोसायटिसचा प्रकार) २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १६ आठवड्यांनी ७९ टक्के रुग्णांत किमान सुधारणा दिसली, प्लासिबोवर (औषध नसलेल्या द्रावणावर) ४४ टक्क्यांत. किमान सुधारणा आणि ‘पूर्ववत’ यांत मात्र बरंच अंतर आहे.

शिवाय मायोसायटिस हा एक आजार नव्हे. पन्नाशीनंतर मांड्या बारीक होत गेल्या, मूठ घट्ट आवळत नाही, असं असेल तर इन्क्लुजन बॉडी प्रकाराची शंका घ्यावी. त्यात आयव्हीआयजीचा ठोस फायदा दिसलेला नाही. खर्चासाठी दागिने मोडण्याआधी बायोप्सीचा (स्नायूच्या तुकड्याच्या तपासणीचा) रिपोर्ट स्नायूविकार जाणणाऱ्या न्यूरोलॉजिस्टला किंवा रुमॅटॉलॉजिस्टला (सांधे-स्नायूंच्या दाहाच्या तज्ज्ञाला) दाखवा.

घरी लावण्याचा सल्ला सगळ्यांत घातक. हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं हे घट्ट प्रथिन वेगानं सोडलं की गुठळी होऊ शकते. त्याच चाचणीत गुठळ्यांचे प्रकार घडल्यावर कमाल वेग मिनिटाला किलोमागे ०.१२ मिलीवरून ०.०४ वर आणला गेला. ६० किलोला १० टक्के द्रावण तासाला ३६ मिलीनं सुरू करतात आणि १४४ च्या वर नेत नाहीत. दोन दिवसांत संपवायचं तर रोज ६०० मिली, म्हणजे चार तासांहून जास्त, तेही पंपावर आणि बीपी-नाडी बघत. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) तपासून घ्या, पाणी भरपूर प्या. दुसऱ्या दिवशी डोकं फुटेल असं दुखलं, मान आखडली, तर डॉक्टरांना लगेच कळवा.

स्टेरॉइड एकदम तोडलं तर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कोलमडतात. ते हळूहळूच उतरवतात.

बाटली २ ते ८ अंशांत ठेवा. मे महिन्यात मेडिकलमधून रुग्णालयात नेताना ती बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेली बाटली वाया जाते. हलवूही नका, फेस येतो. मधुमेह्यांनी लेबलवर माल्टोज ही वेगळी साखर आहे का ते पाहावं: काही ग्लुकोमीटर तिलाच रक्तातलं ग्लुकोज समजून आकडा फुगवतात, आणि त्यावर इन्सुलिन टोचलं की खरी साखर खाली कोसळते.