‘पन्नास बार उरले की वळा’ म्हणे!

‘उष्ण समुद्रातली बुडालेली जहाजं बघायला ओपन वॉटर कार्ड पुरे’ असा स्कूबा डायव्हिंगबद्दलचा फॉरवर्ड फिरतोय. (हे कार्ड म्हणजे डायव्हिंगचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र.) भाच्याने तोच पाठवून विचारलं, ‘तिकीट काढू ना?’ काढ, पण आधी हे वाच.

‘जहाजात निवांत फिरा, गेजवर 50 बार दिसले की वळा.’ बार म्हणजे टाकीतल्या हवेच्या दाबाचं माप. लिहिणाऱ्याने साधा गुणाकार तरी केलाय का? 12 लिटरच्या टाकीत 50 बार म्हणजे 600 लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागत असतील तर 30 मीटर खोलीवर, दाब चौपट म्हणून हवाही चौपट, 80. साडेसात मिनिटं, तीही एकट्याला, शांत श्वासात. जोडीदाराची हवा संपली, दोघं धापा टाकू लागले, खप दुप्पट झाला, की दोन मिनिटंही निघत नाहीत. तिथून मिनिटाला 9 मीटरने नुसतं वर यायलाच तीन मिनिटांवर लागतात. म्हणून जहाजाच्या आत तृतीयांशाचा नियम, एक वाटा जायला, एक यायला, एक राखीव: 200 बारने उतरलात तर 135 ला परत फिरायचं.

शिवाय दार दिसेल हे गृहीतच! फिनचा एक फटका आणि गाळ उठतो. बुडबुडे छताला लागले की गंजाचे पापुद्रे सुटतात. टॉर्चसमोर तपकिरी भिंत. तेव्हा हातातली दोरीच काय ती कामाची. पहिली गाठ बाहेर मोकळ्या पाण्यात, दुसरी दाराशी, पुढे ढील द्यायची नाही. टॉर्च तीन. हे रेक (बुडालेल्या जहाजांच्या) कोर्समध्ये शिकवतात; ओपन वॉटर कार्ड 18 मीटरपर्यंतचं.

बालीतल्या तुलांबेनच्या ‘लिबर्टी’पुरतं म्हणणं निम्मं खरं, कबूल. 1942 मध्ये टॉर्पेडो लागल्यावर किनाऱ्याला लावलेलं हे जहाज 1963 च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात पाण्यात सरकलं. वरचा भाग पाचेक मीटरवरच आहे. बाहेरून बघ, मजेत.

‘नायट्रॉक्स घेतला की खोल जाता येतं.’ नायट्रॉक्स म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेली हवा. उलटं आहे. तळाशी वेळ वाढतो, खोली घटते. 32 टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाला, ऑक्सिजनचा स्वतःचा (आंशिक) दाब 1.4 बारपर्यंत ठेवायचा तर, मर्यादा साधारण 33 मीटर. 50 मीटरवर तोच दाब 1.92 होतो, ऑक्सिजनच्या विषबाधेने फिटसारखा झटका आला की रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायची नळी, तोंडातून सुटतं.

‘पाणी गरम, सूट कशाला?’ गंजलेल्या पत्र्यासाठी. पुढे.

‘शेवटच्या सकाळी डाइव्ह, दुपारी विमान.’ डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या सूचना स्पष्ट आहेत: डीकोविना (वर येताना सक्तीचे थांबे न घेता) एकच डाइव्ह असेल तर किमान 12 तास थांबा, अनेक असतील तर 18, डीको केला असेल तर त्याहून बरेच जास्त. तेव्हा अनेक डाइव्ह झाल्या असतील आणि विमान सकाळी 10 चं असेल, तर आदल्या दुपारी 4 च्या आत पाण्याबाहेर.