फोटोतले चौरस फूट

नाशकात फ्लॅट विकायचाय? मग जागा बांधकामात कशाला वाढवता, फोटोत वाढवा. त्याला महापालिकेची परवानगी लागत नाही.

१० बाय १२चा हॉल असेल तर दाराकडच्या भिंतीला पाठ चिकटवून उभे राहा आणि मोबाईलची ०.५ वाली लेन्स लावा. सोफ्याचा हात तुमच्यापासून अर्ध्या मीटरवर, समोरची भिंत साडेतीन मीटरवर. म्हणजे सोफा भिंतीच्या मानाने सातपट मोठा उमटणार आणि भिंत पार मखमलाबादला पोचणार. लेन्स बिचारी निर्दोष आहे हो, ती फक्त जास्त जागा फोटोत घेते. खोली लांबते ती तुम्ही सोफ्याला खेटून उभे राहता म्हणून. (हे गिऱ्हाइकाला सांगू नये.)

खरा धोका गोल वस्तूंचा. टीपॉयवर द्राक्षांची ताटली ठेवायचा मोह आपल्याला होणारच. पण फोटोच्या मध्यापासून ६० अंश बाजूला गेलेला गोल मणी चपट्या सेन्सरवर दुप्पट लांब उमटतो. मधे थॉमसन जातीचं द्राक्ष, कोपऱ्यात लांबुडकं सोनाका! दुसऱ्या गावात खपून जाईल, इथे पकडले जाल. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मात्र कोपऱ्यातही गोलच राहतं, कारण ते सेन्सरला समांतर असतं. तेव्हा घड्याळ राहू द्या, द्राक्षं खाऊन टाका. सासऱ्यांनाही कडेच्या खुर्चीतून उठवा.

इमारतीचा फोटो काढताना फोन वर तिरका करू नका, उभ्या कडा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. काळारामाचं शिखर मुळातच निमुळतं, त्याला शोभतं. सात मजली अपार्टमेंट निमुळतं दिसलं की लोक बिल्डरचं नाव विचारतात.

‘डोंगर व्ह्यू’ हवाय? किलोमीटरभर मागे जा, दहापट झूम करा. पांडवलेणी थेट बाल्कनीला येऊन टेकतील, मधला हायवे जणू नाहीच.

आता एकच गिऱ्हाईक वाईट: फोटो डोळ्याशी नेऊन बघणारं. ०.५ने काढलेला फोटो ३० सेंटिमीटर रुंद छापला आणि ११ सेंटिमीटरवरून एका डोळ्याने मधोमध पाहिला, तर द्राक्षं पुन्हा गोल होतात आणि भिंत मखमलाबादहून घरी परतते. म्हणून छापूच नका, व्हॉट्सॲपवर पाठवा. उभ्या धरलेल्या फोनवर तीच करामत करायला पडदा डोळ्यापासून अडीच सेंटिमीटरवर न्यावा लागतो, आणि तिथलं कुणालाच धड दिसत नाही. बिनधास्त टोकन घ्या.