साहेब रात्रपाळीला आहेत

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ पट्ट्यात नोव्हेंबर उजाडला की राजकारण, दुधाचे भाव आणि क्वचित फुटबॉलसुद्धा मागे पडते, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाने काल रात्री नेमक्या कोणत्या झाडाखाली लघवी केली, यावर चारचौघांत मान असलेले पोक्त गृहस्थ सकाळच्या कॉफीबरोबर गंभीरपणे चर्चा करू लागतात. मी मूळचा साताऱ्याकडचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ज्या देशात हरणाकडे वाकड्या नजरेने पाहिले तरी आधी वकील गाठावा लागतो, तिथे मी लहानाचा मोठा झालो. त्यामुळे आमच्या शेजाऱ्यांनी, म्हणजे आयुष्यभर गाई पाळून आता निवृत्त झालेल्या एका सज्जन गृहस्थांनी, त्यांच्या रानातल्या मचाणावर हरणाच्या शिकारीला बसण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा मी ते केवळ शेजारधर्म म्हणून स्वीकारले.

मात्र मचाणावर चढण्याआधी परीक्षा होती. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला या राज्यात शिकारीचा परवाना हवा असेल, तर सुरक्षेचा अभ्यासक्रम उत्तीर्ण व्हावे लागते. शेजारी त्याआधी जन्मले असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ते उपजत शहाणे होते, आणि मी शाळकरी मुलांच्या शेजारी बसून, झाडावरून पडू नये म्हणून अंगाला पट्टा बांधावा, हे लिहून घेत होतो.

सगळा मामला ज्या जागेभोवती फिरतो तिला शिकारी मंडळी स्क्रेप म्हणतात. माजाच्या हंगामात नर रानाच्या कडेला किंवा पायवाटेच्या बाजूला खाली झुकलेली एखादी फांदी निवडतो, तिच्याखालचा पालापाचोळा खुरांनी उधळून हात-दीड हात व्यासाची जमीन उघडी करतो, फांदीचे टोक चघळतो, तिच्यावर कपाळ आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथी घासतो, आणि मग मागचे पाय जुळवून, सांध्यांच्या आतल्या बाजूच्या केसांच्या पुंजक्यांवरून ओघळेल अशा बेताने त्या मातीत मूत्रविसर्जन करतो. एकाच जागी अनेक नर हा विधी करून जातात, माद्याही येऊन हुंगून जातात. थोडक्यात, हे त्या रानाचे मस्टर आहे. कोण आला, कोण किती जोरात आहे, कोण वयात आले आहे, याची त्यावर नोंद होते, आणि सही करणारे साहेब पुढच्या क्षणी कुठे जातात, याचा पत्ता कचेरीतल्या कोणालाही नसतो.

शेजाऱ्यांनी मला ते मस्टर अगदी जवळून दाखवले. ओकच्या फांदीचे टोक सालीच्या एका धाग्यावर लोंबत होते, त्याला ओलसर चकाकी होती, आणि खालच्या काळ्या मातीत दोन बोटे रुतलेला खुराचा ठसा इतका ताजा होता की त्याच्या कडेची माती अजून ढासळत होती. वासाचे वर्णन करत नाही. उन्हाळ्यातल्या दुपारी ज्यांनी एसटी स्थानकाच्या मागच्या भिंतीकडून वाट काढली आहे, त्यांना कल्पना येईल. शेजाऱ्यांनी मात्र डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि नर चार वर्षांचा तरी असावा, असा निर्वाळा दिला.

हरणाचे नाक माणसाच्या नाकापेक्षा इतके पुढे आहे की शिकाऱ्याची निम्मी तयारी ही स्वतःचा वास पुसण्याची असते. बिनवासाच्या साबणाने आंघोळ, बिनवासाच्या पावडरीत धुतलेले कपडे, पायात रबरी बूट, आणि जाकीट ओकच्या वाळक्या पानांसह हवाबंद पेटीत. आमच्या घरातला प्रत्येक धागा हिंग-मोहरीच्या फोडणीवर पोसला गेलेला असल्याने हे पथ्य आमच्या कुटुंबावर एकादशीपेक्षा कडक बसले. सौभाग्यवतींनी काही दिवस बिनफोडणीचा दहीभात सोसला आणि मग विचारले की, हरणाला आपला वास चालत नसेल तर आपल्याला हरणाचा वास का चालावा? त्या वेळी मी गॅरेजमध्ये नराला भुलवण्यासाठी आणलेली, हरणीच्या मूत्राचा कृत्रिम अर्क असलेली बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवत होतो, त्यामुळे उत्तर देण्याच्या नैतिक स्थितीत नव्हतो. हा अर्क कृत्रिम असण्यालाही कारण आहे. हरणांच्या मेंदूला पोखरणारा सीडब्ल्यूडी नावाचा असाध्य रोग 2002 मध्ये या राज्यात सापडला, त्याचा संसर्ग मूत्रातूनही पसरू शकतो, आणि म्हणून काही राज्यांनी खऱ्या मूत्राच्या बाटल्यांवर बंदीच घातली आहे.

एवढे सोपस्कार करून, सूर्योदयाच्या बऱ्याच आधी, शून्याखालच्या थंडीत, पंधरा फूट उंचीवर, ताटाएवढ्या लोखंडी जाळीवर मी क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा चाप ओढून बाण सोडायचे धनुष्य, मांडीवर घेऊन बसत असे. खोकायचे नाही, हलायचे नाही, आणि चहा तर न्यायचाच नाही, कारण त्यात आले असते. उजाडल्यावर मागच्या पाचोळ्यात जड, सावध पावले वाजत. छातीत धडधड सुरू होई, बोटे सुन्न असूनही घाम फुटे, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहावे तर ती खार असे. पाव-अर्धा किलोची खार वाळक्या पानांवरून दहा फाट्यांच्या शिंगांच्या नराएवढा आवाज कसा काढते, यावर शासनाने एखादी समिती नेमावी.

साहेब येत नव्हते असे नाही. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात ते रीतसर दिसत, फक्त पहाटे पावणेदोनला, कधी सव्वातीनला. एकदा तर त्यांनी थेट भिंगात पाहिले होते. स्क्रेपवरच्या बहुतेक भेटी अंधारातच होतात, हे कळायला मला विद्यापीठाची गरज उरली नाही. शेजारी मात्र खापर दिवसाच्या उकाड्यावर फोडत. थंडी पडली की नर दिवसाही फिरतो हे खरे, पण माज येतो तो दिवस लहान होत जातात म्हणून. गर्भ सुमारे दोनशे दिवसांचा असल्याने मे-जूनच्या हिरवाईत पाडसे जन्मावीत, असा तो पिढ्यानपिढ्यांचा हिशेब आहे, आणि हवामान खाते त्यात ढवळाढवळ करू शकत नाही.

एका सकाळी दहाच्या सुमारास मस्टरवर हजेरी लागली. दीड वर्षाचा, बोटभर शिंगांचा एक पोरगा आला, फांदीपर्यंत मान पुरेना म्हणून टाचा उंचावून उभा राहिला, तिचे टोक उगाच चघळले, थोरामोठ्यांच्या सहीखाली आपली चिमुकली सही ठोकली आणि आपल्याला कोणी पाहिले तर नाही ना, अशा थाटात निघून गेला. लहान नर सोडून द्यायचे हा शेजाऱ्यांचा दंडक, त्यामुळे मी बोटही हलवले नाही. तेवढ्यात पाठीमागून, वारा जिकडे वाहत होता त्या अंगाने, कोणीतरी जोरात नाक शिंकरल्यासारखा फुत्कार आला. वयस्क नर अनेकदा स्क्रेपपाशी येतच नाही. दुरून वाऱ्यावरच सगळे मस्टर वाचून घेतो. मी मान वळवेपर्यंत झाडोऱ्यात पांढऱ्या शेपटीचा एक फटकारा तेवढा दिसला.

नोव्हेंबरच्या मध्याला माद्या माजावर आल्या आणि सगळा सेवकवर्ग मस्टर सोडून त्यांच्या मागे लागला. एकेक नर एकेका मादीच्या पाठीशी दिवस-दोन दिवस चिकटून राहतो, तेव्हा त्याला स्क्रेपची आठवणही नसते. आमच्या उघड्या मातीवर पाने साचली, आणि रोज सकाळी त्या रानात सर्वांत जास्त वास माझ्या बाटलीतल्या अर्काचाच येत होता.

शेजाऱ्यांनी पुढे बंदुकीच्या नऊ दिवसांच्या हंगामात, मक्याच्या शेताकडेला, स्क्रेपचा काहीही संबंध नसताना एक मादी मारली, नमुना तपासणीला दिला, आणि अहवाल निर्दोष आल्यावर त्यातला एक पाय आमच्याकडे पाठवला. सौभाग्यवतींनी खिडक्या लावून घेतल्या, कढईत तेल तापवले आणि साठलेल्या सगळ्या दिवसांची फोडणी एकदमच दिली. पुढच्या वर्षीचे मचाण कुठे बांधायचे ते विचारायला शेजारी त्याच संध्याकाळी आले, आणि दोनदा खिमा वाढून घेऊन, तो विषय न काढताच घरी गेले.