सीट काही मागे येईना

गाडीच्या सीटखाली पूर्वी एक लोखंडी दांडी असायची. ती वर ओढून पायाने रेटा दिला की खाडकन सीट मागे. बिघडू न शकणाऱ्या वस्तूंत मी त्या दांडीला पाट्या-वरवंट्याशेजारी जागा देतो. आम्ही मात्र बटणाची सीट असलेली सेकंडहँड गाडी घेतली. विकणारा म्हणाला होता, "साहेब, एका बोटावर नाचते."

नाचायचीही. आमची सौ. ४ फूट ११ इंच, मी ६ फूट. ती गाडी चालवून आली की सीट स्टिअरिंगला चिकटलेली असते. मी बाहेर उभा राहूनच बटण दाबतो आणि ती मागे घेतो. परवा दाबलं तर सीट वर-खाली झाली, पाठ कलती झाली, पण मागे म्हणून जाईना.

शेजारचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेत. बिघाडाचा वास त्यांना तिसऱ्या मजल्यावर येतो. "फ्यूज!" वर-खाली होतंय, म्हणजे फ्यूज शाबूत असणार, असं मी म्हणून पाहिलं. पण निवृत्त माणसाला कोण अडवणार? फ्यूजचा डबा डॅशबोर्डखाली, पाय ठेवतात तिथे. आत डोकं घालायला सीट मागे हवी! शेवटी काका दारातून उताणे शिरले, पाय पार्किंगमध्ये, टॉर्च दातात. ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज काढून उजेडात धरला. आतली पट्टी धडधाकट. काकांचा चेहराच उतरला.

गॅरेजवाल्याचं म्हणणं, सीट बाहेर काढावी लागेल. ती चार बोल्टांवर बसवलेली असते. मागचे दोन समोरच दिसत होते, पुढचे दोन सीटखाली दडलेले. ते उघडे पडायला सीट मागे जायला हवी, आणि मागे जात नाही म्हणून तर ती काढायची! "तोवर मोटर मागवून ठेवू? १८ हजारांपर्यंत जाईल." मी किल्ली घेऊन निघालो.

निघालो म्हणजे तसाच निघालो. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही अंगांना. डावीकडे वळायचं तर उजव्या गुडघ्याची परवानगी. नळ स्टॉपच्या सिग्नलला जरा मोठा श्वास घेतला तर पोटाने हॉर्न वाजला. पुढच्या रिक्षावाल्याने वळून माझ्याकडे जे पाहिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी एक वायरिंगवाला पोरगा घरी आला. इंजिन बंद ठेवून त्याने आतला दिवा लावला आणि बटण दाबलं. दिवा मंदावला. सोडलं, उजळला. "मोटर जिवंत आहे. करंट खातेय, पण पुढे कायतरी अडलंय." बास, एवढंच. मीटर नाही, फ्यूज नाही. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरकडे काकांचा हात गेला तसा तो ओरडला, "ओ काका, एअरबॅगचाय तो!" काकांनी हात पाठीमागे बांधले.

मग तो मागच्या सीटवरून ओणवा झाला आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरने रुळाची खाच उकरू लागला. आधी झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आल्या. मग अक्षता. मग टक्‌ करून कुंकू लागलेली एक सुपारी.

दसऱ्याला आईने गाडीची साग्रसंगीत पूजा केली होती. ड्रायव्हरच्या सीटवर पानावर सुपारीचा गणपती मांडला होता. नारळ घरात आला, पानं आली, गणपती मात्र सीटखालीच फिरत राहिला आणि खाचेत बसला. पोराने आधी पायातल्या चपला काढल्या, सुपारी कपाळाला लावली, आणि मग बटण दाबलं. सीट सुळकन मागे.

"विघ्नहर्ताच आडवा आला म्हणायचा," सौ. म्हणाली.

आईला मात्र यात नवल काहीच वाटलं नाही. "उत्तरपूजा राहिली होती ना! देवाला आपण हलवलंच नाही, तर सीट कशी हलेल?"

काकांनी जोरात मान डोलावली. फ्यूजनंतर पहिल्यांदाच त्यांना काहीतरी पटलं होतं.