प्रमाणपत्रांची शिडी एकच असते का?

‘टेलिकॉम आणि नेटवर्किंगमध्ये पुढे जायचे असेल, तर आधी सीसीएनए, मग सीसीएनपी आणि शेवटी सीसीआयई याच क्रमाने परीक्षा द्या, इतर प्रमाणपत्रांना किंमत नाही, आणि एकदा मिळालेले प्रमाणपत्र जन्मभर पुरते,’ असा सल्ला समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. ही तिन्ही सिस्को या नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या कंपनीची, चढत्या पातळीची प्रमाणपत्रे. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, परंतु त्यातले एकही विधान तपासणीला उतरत नाही.

क्रमाचे विधान आधी घेऊ. सीसीएनपीपूर्वी सीसीएनए असलीच पाहिजे, ही अट सिस्कोनेच फेब्रुवारी २०२० मध्ये काढून टाकली. सीसीआयईला तर अशी पूर्वअट कधीच नव्हती. शाखेच्या मूळ विषयांची ‘कोअर’ परीक्षा उत्तीर्ण होऊन ८ तासांची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, इतकेच. याउलट ज्युनिपर या राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या जेएनसीआयएस-एसपी या वरच्या प्रमाणपत्रासाठी जेएनसीआयए-जूनोस हे पायाचे प्रमाणपत्र आधी मिळवावेच लागते. तेव्हा क्रम हा त्या त्या कंपनीचा नियम असतो, क्षेत्राचा नव्हे. नवख्याने पाया म्हणून सीसीएनए करावी, हे मलाही मान्य आहे. सबनेटिंग (जाळ्याचे पत्ते छोट्या गटांत विभागणे), व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी जाळी) आणि राउटिंग टेबल (माहिती कोणत्या वाटेने पाठवायची याची यादी) नीट समजल्याशिवाय पुढचे काहीच पचत नाही. मात्र पाच वर्षे राउटर हाताळलेल्या माणसाने केवळ ‘क्रम मोडू नये’ म्हणून ती परीक्षा द्यावी, याला अर्थ नाही.

‘इतर प्रमाणपत्रांना किंमत नाही’ हे विधान सर्वांत घातक आहे, कारण टेलिकॉमचे जाळे आणि कार्यालयातले जाळे यांतला फरकच त्यात पुसला जातो. सीसीएनएच्या २००-३०१ या परीक्षेच्या अभ्यासक्रमात ओएसपीएफ हा राउटरांनी आपसांत मार्ग ठरवण्याचा प्रोटोकॉल (नियमसंच) आहे, तोही एकाच एरियापुरता, म्हणजे जाळ्याच्या एकाच विभागापुरता. बीजीपी आणि आयएस-आयएस हे मार्ग ठरवणारे आणखी दोन प्रोटोकॉल आणि लेबल लावून माहिती पुढे पाठवणारे एमपीएलएस हे तंत्र त्यात नाहीत, आणि सेवा पुरवठादाराचे (इंटरनेट वा फोन सेवा देणाऱ्या कंपनीचे) मुख्य जाळे तर बहुधा याच तिघांवर उभे असते. तिथे काम करू इच्छिणाऱ्याला सिस्कोचीच वाट धरायची असेल, तर एंटरप्रायझ (कार्यालयीन जाळी) शाखेऐवजी सर्व्हिस प्रोव्हायडर (सेवा पुरवठादार) शाखेची ३५०-५०१ ही कोअर परीक्षा जवळची. आणि जिथे ज्युनिपर किंवा नोकियाचे राउटर आहेत, तिथे त्या कंपन्यांची प्रमाणपत्रे अधिक बोलकी ठरतात. फायबर टाकणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसाला यातले काहीच फारसे उपयोगी नाही. स्प्लायसिंग (तंतूंचे सांधे जोडणे), कनेक्टर जोडणी आणि चाचणी यांवर बेतलेले फायबर ऑप्टिक असोसिएशनचे सीएफओटी हे प्रमाणपत्र त्याच्या हातच्या कामाशी थेट जुळते. मोबाइल कोअरची, म्हणजे मोबाइल जाळ्याच्या मध्यवर्ती भागाची, गोष्ट आणखी निराळी. थ्रीजीपीपी या मोबाइल मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या रिलीज १५ या मानकसंचापासून ५जी कोअरमधील नियंत्रणाची कामे एचटीटीपी/२ या वेबच्या प्रोटोकॉलवरून एकमेकांशी बोलणाऱ्या सेवांमध्ये विभागली गेली, आणि या सेवा बहुधा कंटेनरमध्ये (लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या पेटीत) चालवल्या जातात. त्यामुळे या शाखेत लिनक्स आणि कुबरनेटीसचे (कंटेनर चालवण्याच्या व सांभाळण्याच्या प्रणालीचे) ज्ञान स्विचिंगच्या आणखी एका परीक्षेपेक्षा उपयोगी पडते. कुबरनेटीसची सीकेए ही परीक्षा २ तासांची असून ती कमांड लाइनवर प्रत्यक्ष काम करूनच सोडवावी लागते, हा तिचा मला वाटणारा मोठा गुण.

‘जन्मभर पुरते’ हे विधान तर दोन ओळींत संपते. सीसीएनए, सीसीएनपी, सीसीआयई आणि ज्युनिपरची प्रमाणपत्रे, सर्वांची मुदत ३ वर्षे. सिस्कोकडे पुन्हा परीक्षा न देता सातत्य-शिक्षणाचे श्रेयांक भरूनही नूतनीकरण होते. सीसीएनएला ३०, सीसीएनपीला ८० आणि सीसीआयईला १२० श्रेयांक लागतात. एकाच वेळी चार कंपन्यांची प्रमाणपत्रे जमवणाऱ्याने हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

निवडीची एक साधी कसोटी मी वापरतो. जे पद हवे आहे त्याच्या दहाएक जाहिराती घ्याव्यात, त्यांत वारंवार येणारे प्रोटोकॉल आणि उपकरणे कागदावर उतरवावीत, आणि परीक्षेचा अधिकृत विषयपट शेजारी ठेवावा. निम्म्याहून कमी नावे जुळली, तर त्या परीक्षेचे शुल्क भरू नये.