माझा भाऊ ट्रक चालवतो

आज निफाडला मामेबहिणीचा साखरपुडा होता. मामा नवऱ्याकडच्या मंडळींशी माझी ओळख करून देत होते, "ही आमची भाची, नाशिकला असते. हिचा धाकटा भाऊ ट्रान्सपोर्टमध्ये आहे." समोरच्यांनी साधंच विचारलं, "स्वतःच्या गाड्या का?" मामा गप्प. नंतर मला बाजूला घेऊन म्हणतात, "काय सांगायचं बाई लोकांना? एम. ए., प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झालेला पोरगा, आणि काम कुठलं धरलं, तर ज्याला आता आठवी पाससुद्धा लागत नाही!"

चार लोकांत मी काही बोलले नाही. पण जेवण घशाखाली उतरलं नाही. बसमध्ये बसल्यापासून नुसती धुमसतेय. मामा, तुम्ही फेसबुकवर आहात. वाचा.

आठवीची अट 2019 ला काढली, बरोबर आहे तुमचं. म्हणून काय कुणीही उठून भरलेली गाडी कसारा घाटातून खाली आणतो?

मी बसलेय त्याच्या शेजारी. मागच्या डिसेंबरात त्याच्याकडे लासलगावहून वाशी मार्केटचा कांदा होता आणि मला सकाळी वाशीला पोचायचं होतं. म्हणाला, "चल ताई, केबिनमध्ये जागा आहे." इगतपुरी मागे टाकली आणि घाटाच्या अलीकडे त्यानं गाडी बाजूला घेतली. रात्रीचा दीड वाजलेला, थंडी मरणाची. सीटखालून टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, काढला आणि एकेका टायरवर मारत गाडीभोवती फिरला. दहाच्या दहा टायर. मी काचेतून बघत होते. एका ठिकाणी थांबला, परत मारला, कान लावला. मागच्या जोडीतला आतला टायर. "टणक वाजला तर हवा आहे ताई. हा भद्द वाजतोय." बाहेरून बघितलं तर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पंक्चरवाल्याला उठवलं, तास गेला, मग घाट उतरलो.

हा माणूस नऊ वर्षं तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होता. कॉलेज जूनमध्ये उघडायचं, ह्याची ऑर्डर ऑगस्टमध्ये निघायची. दिवाळीच्या सुट्टीत तास नाही म्हणून पैसे नाहीत. परीक्षेची, प्रवेशाची, पाहुणे आले की सतरंज्या घालायची कामं मात्र हक्कानं सांगायचे. वर्षाचं मानधन एकदम मिळायचं, तेही वर्ष संपल्यावर. एका वर्षीचं तर पुढच्या दिवाळीत हातात आलं. कायम जागा निघाली तेव्हा त्याला बोलावून त्या जागेसाठी मोजायचा एक आकडा सांगितला. तो मी इथं लिहीत नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरात सेट-नेट झालेलं कुणी आहे त्यांना तो पाठ आहे.

तेव्हा मात्र "आमचा भाचा प्रोफेसर आहे" म्हणून तुम्ही गावभर सांगायचात, मामा. त्या प्रोफेसरच्या पोरीची फी मी भरत होते. तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. दिवाळीला घरी आला की कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपायचा. ते दिवस आठवले की अजून पोटात कालवतं.

त्यानं हे काम हौसेनं निवडलं असं नाही, पण रडत-कुढतही धरलं नाही. कारचं लायसन्स होतंच. हेवीचं काढायला ड्रायव्हिंग स्कूल लावलं. मग ओळखीच्या एका मालकाच्या गाडीवर जुन्या ड्रायव्हरच्या हाताखाली वर्षभर राहिला. एम. ए. झालेला माणूस गाडीवरच्या क्लीनरबरोबर ताडपत्री बांधायला शिकला, रस्सा ओढून हातांची सालटी निघाली. आज पगार महिन्याच्या महिन्याला येतो, वर ट्रिपचा भत्ता. पोरीची फी तो स्वतः भरतो.

आणि त्या रात्री घाटात त्याचं बोलणं ऐकायला हवं होतं तुम्ही. "ज्या गिअरमध्ये हा घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेकवर बसलं की ब्रेक तापतात, मग लागतच नाहीत." आणि लगेच, "ताई, पोरांना मी हा थळघाट, बोरघाट, कुंभार्ली, आंबा असे नुसते पाठ करून घ्यायचो. यातला एकही घाट मी रात्रीचा बघितलेला नव्हता." इतका मोकळा बोलताना मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

बरं, मान्य आहे, पाठ जाते, झोपेचं खोबरं होतं, पोरीच्या वाढदिवसाला तो तिकडे वापीला असतो. भावजय रात्री फोन उशाशी घेऊन झोपते. हे काही मला कळत नाही असं नाही.

पण ज्याची लाज वाटायला हवी ते वेगळंच आहे. आठ तासांचा कायदा 1961 चा आहे. कुठल्या ड्रायव्हरला मिळतात आठ तास? केबिनला एसी सक्तीचा झाला तो 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या गाड्यांना. ह्याची गाडी 2017 ची, मे महिन्यात इंजिनाची धग पायाशी घेऊन बसतो. कंपनीच्या गेटवर दहा-दहा तास उभं करतात आणि आतला संडास वापरू देत नाहीत. जानेवारी 2024 मध्ये ड्रायव्हर लोकांनी अपघात करून पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या कलमाविरुद्ध गाड्या उभ्या केल्या, तेव्हा पेट्रोल पंपाच्या रांगेत आपल्यासारख्याच लोकांनी त्यांना शिव्या घातल्या. मी होते त्या रांगेत. जुलैमध्ये नवा फौजदारी कायदा लागू झाला तेव्हा सरकारनं ते कलम बाजूला ठेवलं, म्हणजे त्यांच्या म्हणण्यात काहीतरी होतंच ना?

मामांवर एवढी चिडलेय, पण खरं सांगते, आमच्या सोसायटीत मीही दोनदा "लॉजिस्टिक्समध्ये आहे" असं सांगितलंय. दुसऱ्या वेळी तो शेजारीच उभा होता. काही बोलला नाही, खाली बघून चपला घालायला लागला. साखरपुड्यात मामांचं ते वाक्य ऐकलं आणि मला आधी त्याच्या चपला आठवल्या.

मामा, तुम्ही मला कडेवर घेऊन लासलगावचा बाजार दाखवलाय, तुमच्याशी भांडायचं नाहीये मला. पण पुढच्या वेळी कुणी विचारलं तर "ट्रक चालवतो" म्हणा. लग्नात तो येणार आहे, त्याच्यासमोरच म्हणा.

हे लिहितानाच त्याचा फोन आला होता. घाटाच्या अलीकडे थांबलोय म्हणाला. साखरपुडा कसा झाला, मामांचा गुडघा कसा आहे, सगळं विचारलं. मग "ताई, एक मिनिट हं" म्हणून फोन तसाच चालू खिशात टाकला. टॉमीचा आवाज येत होता. मी मोजत बसले. दहाही टणक वाजले.