हो, सायकलच. आणि नाही, स्कूटर बिघडलेली नाही

"कितें गे, गाडी इबाडली?" हा प्रश्न फोंड्यात मला आणखी एकदा कुणी विचारला ना, तर मी सायकल त्याच्या अंगावर घालणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. गाडी ठणठणीत आहे. म्हार्दोळला घरी उभी आहे, सर्व्हिसिंग झालंय, टाकीत पेट्रोल आहे. मी सायकलने येते कारण मला यायचंय. एवढं साधं आहे पण ते कोणाच्या डोक्यातच शिरत नाही, आणि नाही शिरलं तर गप्प तरी बसावं की नाही माणसाने, तर तेही नाही.

नवऱ्याला फोन जातात, खरंच. लांबच्या नात्यातल्या एका काकांनी मला फर्मागुडीच्या चढावर सायकल रेटताना पाहिलं, आणि मी ऑफिसात पोचायच्या आत ह्याला फोन, "अरे, सगळं ठीक आहे ना? पैशांची काही अडचण असली तर संकोच करू नको हो, आपलीच माणसं आहोत." म्हणजे बायको पायडल मारतेय याचा अर्थ नवरा कर्जात बुडाला! सासूबाईंना म्हाळसेच्या देवळात दोघीतिघी जणी गाठून विचारतात, सुनेला स्कुटी का नाही घेऊन देत. बिचाऱ्या घरी येऊन मलाच सांगतात, "तू फक्त देवळाच्या बाजूने नको ना गं जाऊस." आता हायवे तिथूनच जातो त्याला मी काय करू?

आणि गंमत बघा, हीच माणसं रविवारी पणजीला मिरामारला कोणी हेल्मेट-गॉगल-घट्ट चड्डी घालून दीड लाखाच्या सायकलवर दिसला की "वा, काय फिटनेस आहे" म्हणणार. त्यातले निम्मे सायकल कारच्या मागे बांधून तिथपर्यंत आलेले असतात! रविवारी सायकल म्हणजे हौस आणि सोमवारी सकाळी डबा बांधून ऑफिसला निघालेली सायकल म्हणजे दारिद्र्य. माझी गियरवाली आहे, चढ आहे म्हणून घेतली, तर त्यावरही ऐकलं, की एवढ्या पैशांत सेकंडहँड स्कूटर आली असती. अरे पण स्कूटर आहे माझ्याकडे!! किती वेळा सांगू?

बरं लोकांचं सोडा, लोक बोलतातच. रस्त्याचं काय? म्हार्दोळहून फर्मागुडी चढून फोंड्यात उतरायचं, फार नाही, सातेक किलोमीटर. त्यात सायकलसाठी रस्त्याच्या कडेला सलग वीतभर डांबर मिळेल तर शपथ. जिथे पांढरी पट्टी संपते तिथे एकदम तीन-चार बोटं खाली लाल माती, त्यात खडी, आणि पावसाळ्यात त्या मातीचा जो काही चिखल होतो त्यात टायर रुतला की माणूस आडवा. केबलसाठी खणतात, पाण्यासाठी खणतात, मग वरवर माती लोटून जातात, पहिल्या पावसात ती बसते आणि तयार होतो खड्डा, वर पाणी साचलेलं, म्हणजे खोली किती ते आत गेल्यावरच कळणार. मागून ट्रक. आणि प्रवासी बसवाले तर विचारूच नका, पुढच्या स्टॉपवरचा पॅसेंजर दुसऱ्या बसने उचलू नये म्हणून अशी मारतात की बसचा आरसा माझ्या कानाजवळून जातो, वर दारात लटकलेला कंडक्टर पत्र्यावर हात आपटून ओरडतो, "ए बाय, कुशीक सर गे!" कुठल्या कुशीला सरू रे बाबा, गटारात? परवा तर दचकून ओढणी चेनमध्ये गेली. उतरून, उन्हात, ग्रीसने माखलेल्या बोटांनी, चाक उलटं फिरवत फिरवत ती ओढणी सोडवत होते आणि एक सद्गृहस्थ कारची काच खाली करून थांबले, मला वाटलं मदत करतील. म्हणाले, "म्हणून सांगतो, बायकांनी स्कूटरच बरी." आणि काच वर करून गेले. एसी बाहेर जात होता ना.

संध्याकाळी परतताना वेगळीच तऱ्हा. पावसाळ्यात गुरं रस्त्यावर येऊन बसतात, काळ्या रस्त्यावर काळी म्हैस, आणि त्याच टप्प्यातले दिवे नेमके बंद. सकाळी मी जाते तेव्हा मात्र पुढच्या वळणावरचे दिवे भर उन्हात चालू! म्हणजे घरी मी पोराच्या मागे मागे फिरून ट्यूबलाईट बंद करते आणि बाहेर रस्ता सूर्याला टॉर्च दाखवतोय. तक्रार केली तर सांगतात टायमर खराब आहे. किती महिने खराब असतो हो टायमर?

आता तुम्ही म्हणाल एवढा त्रास होतो तर कशाला करतेस. हिशोब सांगते, अकाउंट्समध्ये काम करते मी, आकडे डोक्यातून जात नाहीत. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड. माझी स्कूटर पंचेचाळीसचं ॲव्हरेज देते, जाऊन येऊन चौदा किलोमीटर, म्हणजे दिवसाला सातशे ग्रॅमच्या आसपास वाचतो. आपल्या देशातल्या विजेचा हिशोब एका युनिटला साधारण 0.7 किलो. म्हणजे मी फर्मागुडी चढून, घामाने भिजून, ऑफिसच्या टॉयलेटमध्ये कुर्ता बदलून जे काही वाचवते, ते सगळं मिळून एक युनिट. एक! दीड टनाचा एसी जोरात चालला तर तासाभरात उडवतो तेवढं. आणि आमच्या ऑफिसातल्या मीटिंग रूमचा एसी आत चिटपाखरू नसताना दुपारभर चालू असतो, 18 वर, का तर "साहेब आले की गार पाहिजे".

या 18 चं मला काही कळतच नाही. 18 वर लावला म्हणून खोली लवकर गार होत नाही हो, कॉम्प्रेसर तेवढ्याच जोराने चालतो, फक्त थांबायचं नाव घेत नाही. 2020 पासून नवीन एसी चालू केला की आपोआप 24 वर येईल असा नियमच आहे, एक डिग्री वाढवली की साधारण सहा टक्के वीज वाचते असं सरकारच सांगतं, म्हणजे 18 चे 24 केले तर जवळजवळ तिसरा हिस्सा वाचला. आणि ही मंडळी काय करतात? रिमोट घेऊन टुक टुक टुक करत खाली आणतात आणि मग जॅकेट घालून बसतात! आमच्या घरातही तेच, बापलेक 18 वर लावून डोक्यापर्यंत चादर. चादर काढा, 25 वर ठेवा आणि पंखा लावा, मीटर तरी श्वास घेईल. मी हॉलमधला आणि बेडरूममधला पंखा बदलून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, बसवला, जुना 75 वॉट खायचा, हा 30 च्या आसपास, दिवसाचे दहा तास धरले तरी पंख्यामागे महिन्याला तेराएक युनिट वाचतात. आलेला पाहुणा मात्र काय म्हणतो? "रिमोटवाला पंखा! काय श्रीमंती!" घरात पंखा बदलला की श्रीमंत आणि रस्त्यावर सायकल चालवली की भिकारी, ठरवा बाबांनो काय ते एकदा.

गोव्यात तर विजेबद्दल बोललं की लोक हसतातच. वीज स्वस्त आहे इतर राज्यांच्या मानाने, बिल बोचत नाही, मग कोण बघतो. वर हे ऐकवतात की आपलं गोवं हिरवंगार, इथे कुठे आहे प्रदूषण. अहो नाहीच दिसणार, कारण आपली बहुतेक वीज येते बाहेरून, छत्तीसगडात कोरब्याला, मध्य प्रदेशात विंध्याचलला कोळसा जळतो आणि आपल्याकडे फक्त वायर येते. राख त्यांच्या अंगणात, थंडावा आपल्या बेडरूममध्ये. 2020 मध्ये मोलेच्या जंगलासाठी केवढं रान उठलं होतं, चांदरला लोक रात्रभर रेल्वेच्या रुळांवर बसले होते, मीही तेव्हा पोस्टर रंगवलं होतं आणि आजही रंगवीन, जंगल तोडून कोळशासाठी रूळ वाढवायला माझा विरोधच आहे. पण त्या जंगलातून जाणाऱ्या तीन प्रकल्पांतला एक छत्तीसगडातल्या तमनारहून वीज आणायच्या लाईनचा होता ना? मग मोले वाचवाचं स्टेटस ठेवून चार खोल्यांत चार एसी चालवणाऱ्यांना मी काही विचारलं की मीच खडूस कशी?

आणि सरकारचंही कौतुक ऐका. इलेक्ट्रिक गाडीवर 2019 पासून जीएसटी 5 टक्के. छान. मग ती गाडी पन्नास लाखांची का असेना, 5 टक्के. आणि सायकलवर? 12! जिला ना पेट्रोल ना चार्जिंग तिच्यावर 12 टक्के! 2025 च्या सप्टेंबरात कुठे तो 5 वर आणला, तोपर्यंत माझी घेऊन झाली होती. अर्थात.

पंक्चर झालं तर आणखी वेगळी कथा. माझ्या रस्त्यावर टायरची दुकानं रग्गड आहेत, पण सायकल नेली की तो मुलगा लांबूनच हात हलवतो, "सायकल करत नाही". ट्यूब काढून हातात दिली तरी नाही. एक म्हातारे मेकॅनिक होते बाजारात, टपात पाणी घेऊन बसायचे, त्यांनी दुकान बंद केलं. गियर बिघडला तर सायकल मडगावला न्यायची. कशातून? कारमधून!! म्हणजे कार्बन वाचवायची सायकल दुरुस्त करायला डिझेल जाळत पाऊण तास जायचं.

पण सगळ्यात डोकं फिरलं ते 5 जूनला. आमच्या कंपनीत पर्यावरण दिन. हॉलमध्ये एसी, टेबलावर प्रत्येकापुढे पाण्याची छोटी प्लास्टिकची बाटली, मागे हे एवढं मोठं फ्लेक्स, त्यावर झाड आणि पृथ्वी. फ्लेक्स कशाचं असतं हे विचारायचं नाही. एचआरच्या मॅडम धावत आल्या, "अगं तुझी सायकल आण ना वर, फोटोसाठी." तीच सायकल, जिला सिक्युरिटी पार्किंगमध्ये उभी करू देत नाही, कारण हँडल लागून दुसऱ्यांच्या गाड्यांना स्क्रॅच पडतील म्हणे! रोज ती जनरेटरच्या मागे उभी असते आणि मी उकळत्या सीटवर बसून घरी जाते. त्या दिवशी मात्र तिला लिफ्टने वर आणलं, पुसलं, हँडलला झेंडूची माळ घातली, आणि साहेबांनी तिच्यावर एक हात ठेवून फोटो काढला. साहेब. जे समोरच्या कॉलनीतून, चालत गेलं तर पाच मिनिटं, तिथून गाडीने येतात. मला म्हणाले तू जरा बाजूला सरशील का, लोगो झाकतोय. मी सरले. मग प्रतिज्ञा झाली, सगळ्यांनी हात पुढे करून, "मी ऊर्जेची बचत करीन", आणि झाल्यावर सगळे जेवायला गेले, हॉलचा एसी आणि प्रोजेक्टर चालू. बंद मीच केला. बंद केला तर हाउसकीपिंगवाल्याने परत लावला, म्हणाला मॅडम, चारला पुन्हा मीटिंग आहे.

मी पार्किंगचं लेखी दिलंय. सायकल स्टँड नको, नुसता एक लोखंडी पाईप भिंतीला ठोका, कुलूप अडकवायला, एवढंच मागितलंय. "बघूया" असं उत्तर आलंय. कोणी काही करायचं नसलं की आपल्याकडे बघूयाच म्हणतात.

आणि आता ऑफिसातलंच कोणीतरी हे वाचत असेल तर त्याच्यासाठी. जनरेटरमागे लावलेल्या माझ्या सायकलच्या मागच्या चाकातली हवा काल तिसऱ्यांदा सोडलीस. पंप असतो माझ्या बॅगेत, दोन मिनिटांत भरते मी, तुला वाटतं तेवढा त्रास होत नाही. पण व्हॉल्व्हची टोपी घेऊन जाऊ नकोस, ती मिळत नाही इथे कुठे. उद्या सकाळपर्यंत रिसेप्शनवर आणून ठेव, नाव सांगायचीही गरज नाही. नाहीतर सीसीटीव्ही बघायला मी साहेबांची परवानगी आधीच घेतलीय, फोटोत बाजूला सरले होते ना, त्या बदल्यात.